फादरांच्या ताईची साक्ष

तिचं खरं नाव चर्चच्या नोंदवहीत कुठेतरी होतं, पण ते शोधायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. ती सगळ्यांची ताई होती. सुना-जावई आलेल्या बायकाही तिला ताईच म्हणत. एकदा खुद्द बिशप जेवायला आले होते. त्यांनी भीत भीत "ताई, अजून थोडं सूप मिळेल?" म्हणून विचारलं, तर हिने "आधी ताटातला ब्रेड संपवा" असं त्यांना सुनावलं. बिशपांनी मुकाट्याने ब्रेड संपवला. हा किस्सा त्या आवारात पुढची वीस वर्षं सांगितला जात होता.

ताई म्हणजे मोठ्या फादरांची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि पुढे फादर झालेला हा धाकटा भाऊ तेरा महिन्यांचा. वडील गोदामात पाळीवर जायचे. त्या बारा वर्षांच्या पोरीने त्याला बाटलीने दूध पाजलं, त्याचा गोवर काढला, त्याला बोट धरून चालायला शिकवलं. शाळेच्या पहिल्या दिवशी तो तिच्या कमरेला मिठी मारून रडायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "आईनेच मन घट्ट करायला हवं." सतरा वर्षांच्या मुलीला असं म्हटल्यावर राग यायचा. हिला अभिमान वाटला.

पुढे बेकरीवाल्याच्या मुलाने तिला दोनदा मागणी घातली. "धाकट्याचं शिक्षण होऊ दे," असं ती दोन्ही वेळा म्हणाली. तिसऱ्यांदा तो आला नाही. धाकटा सेमिनरीत गेला, धर्मगुरू झाला, आणि त्या दिवशी त्याचा पहिला आशीर्वाद घ्यायला ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. तिथून उठली ती त्याला 'फादर' आणि 'तुम्ही' म्हणतच. ज्याचं नाक पुसलं त्याला अहो-जाहो कसं करवतं, असं बायका विचारायच्या. ताई म्हणायची, "नाक माझ्या भावाचं होतं. हे फादर आहेत."

त्याला स्वतःचं चर्च मिळालं तेव्हा ती त्याचं घर सांभाळायला आली. बत्तीस वर्षं तिने ते घर सांभाळलं. त्याचे कपडे, त्याची पथ्यं, त्याच्याकडे येणारी-जाणारी माणसं, सगळं तिच्या अंगावर. फादरांचा आवाज असा होता की प्रवचन ऐकायला लोक शेजारच्या चर्चमधून यायचे. म्हातारपणी त्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्याची रवानगी निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात झाली. ताईला चर्चच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. दर गुरुवारी बसने जाऊन ती त्याला इस्त्री केलेले रुमाल देऊन यायची. वय ब्याऐंशी, पण जिना चढताना कुणी हात पुढे केला की तिला तो अपमान वाटायचा.

अशा घरी एका मंगळवारी सकाळी नवे फादर पाकीट घेऊन आले. नवे म्हणजे येऊन सहा वर्षं झाली होती, पण मोठ्या फादरांनंतर जो कोणी येईल तो नवाच राहणार होता.

"छपराचं पत्र का?" ताईने विचारलं. स्वयंपाकघराच्या गळतीबद्दल तिने अर्ज केला होता.

"नाही. बसून वाचा."

पत्र धर्मप्रांताच्या चौकशी समितीचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी, दहा वर्षांच्या एका वेदीसेवकावर मोठ्या फादरांनी लैंगिक अत्याचार केले, आणि ते दीड वर्ष चालू होते, अशी तक्रार त्या मुलाने, म्हणजे आता पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने, केली होती. त्या काळात आपण त्या घरात राहत होतात, तरी साक्षीसाठी यावं. खाली तक्रारदाराचं नाव होतं. ते वाचून ताईला क्षणभर कुणीच आठवलं नाही, कारण त्या मुलाला तिने कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. तो बटण होता. वेदीवर सेवा करताना घालायच्या लांब झग्याची बटणं तो रोज एक घर चुकवून लावायचा, आणि ताई रोज सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीच्या, दारात त्याला धरून सगळी काढून पुन्हा लावून द्यायची. म्हणून बटण. आता तो लोकांच्या घरी फरशा बसवायचं काम करतो, एवढं तिने ऐकलं होतं.

"खोटं आहे," ती म्हणाली.

नव्या फादरांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"खोटं आहे हे. चहा घेणार?"

"ताई, चहा नको. तुम्ही बसा."

पण ती उठलीच. तिने पाणी ठेवलं, साखर घातली, पूड घातली, आणि पाणी आटून भांडं करपल्याचा वास सुटेपर्यंत ती गॅससमोर उभी होती.

गुरुवारची वाट न बघता ती दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. धाकटा म्हणेल, 'खोटं आहे ते.' तीनच शब्द. तो ते म्हणाला की ती समितीपुढे उभी राहून अशी काही बोलेल की त्या लोकांना तोंड लपवायला जागा उरणार नाही.

फादर व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसला होता. रुमाल घेऊन त्याने मांडीवर ठेवले.

"मलाही आलंय पत्र," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली.

"ताई, वरची खोली तुझी होती असं सांगायचं."

"कुठली वरची?"

"जुन्या घरातली. जिन्याच्या तोंडाशी, पुस्तकांची. दुपारी तू तिथे पडायचीस, असं सांगायचं."

"माझी खोली खाली होती, फादर. स्वयंपाकघराच्या मागे. भिंतीला ओल यायची ती."

"ते आता कोण बघायला येतंय? घर पाडून झालंय."

तीन शब्दांची वाट बघत ती आली होती, आणि हा तिला खोल्या वाटून देत होता. समोरच्या बाकावर एक वृद्ध धर्मगुरू उन्हात डुलक्या घेत होते. तिने आवाज खाली आणला.

"खरं आहे का रे ते?"

चव्वेचाळीस वर्षांनी तिच्या तोंडून 'रे' गेला होता. तो दोघांनीही ऐकला.

फादरने रुमालांच्या घड्या सारख्या केल्या. "मी त्याची पापकबुली दिलीय," तो म्हणाला. "तेव्हाच. ज्याने क्षमा करायची त्याने केली, ताई. देवाने पुसून टाकलंय, मग ही माणसं कोण उकरून काढणारी?"

"बटणला कुणी विचारलं होतं?"

"काय?"

"देवाने क्षमा केली म्हणतोस. त्याआधी त्या पोराला कुणी विचारलं होतं का?"

"तू मला धर्म शिकवू नकोस."

"तो एकटाच होता?"

याचं उत्तर त्याने दिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. त्याने आकडा सांगितला तर तो ऐकून घ्यावा लागेल, याची तिला भीती वाटली. ती उठली तेव्हा त्याने डाव्या हाताने तिचा पदर धरला, लहानपणी धरायचा तसाच.

"ताई, मला तुझ्याशिवाय कोण आहे? आणि हे बघ, तूही त्याच घरात होतीस. लोक तुलाही विचारतील."

तिने पदर सोडवून घेतला. बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने, "आजी, बरं वाटत नाहीये का?" म्हणून विचारलं. ताईने मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्या मुलीला कळलं नाही, ताईलाही कळलं नाही.

पुढचे दहा दिवस तिने भांडी घासली, कपडे वाळत घातले, चर्चमधल्या मिस्साला, रोजच्या उपासनेला, गेली आणि आली. पण आतून ती त्या पाडलेल्या घरातच फिरत होती. शनिवार. धर्मशिक्षणाचा वर्ग तीनला सुटायचा. फादर एकदोन मुलांना मागे ठेवायचे, गीतांची पुस्तकं लावायला. वरची खोली. ग्रामोफोनवर ऑर्गनची तबकडी लागायची, मोठ्या आवाजात. ताईला वाटायचं, मुलांना चांगलं संगीत ऐकवतात. ती खाली कांदा चिरता चिरता ठेका धरायची.

आणि मग तो एक शनिवार. बटण जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याची चड्डी ओली होती. "एवढा मोठा घोडा झालास आणि हे काय रे?" ती ओरडली होती. तिने त्याला आपला एप्रन गुंडाळायला दिला, चड्डी धुतली, इस्त्री फिरवून वाळवली. ब्रेडला जॅम लावून हातात दिला. त्याने तो खाल्ला नाही, नुसता धरून बसला. जॅम ओघळून मनगटापर्यंत आला तरी त्याने हात हलवला नाही. ताईला वाटलं, लाजला बिचारा. दुसऱ्या दिवशी मिस्सा सुटल्यावर तिने ती गंमत बटणच्या आईला सांगितली. आई कपडे अल्टर करून द्यायची, तिला सगळे शिवणवाली म्हणायचे. दोघी पोट धरून हसल्या. शिवणवालीने पोराचा कान पिळला. तो दोघींच्या मध्ये उभा होता, आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ताईने स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण पुढचंही आठवलं. त्यानंतर बटणने वेदीसेवा सोडली. फादर एकदा जेवताना सहज म्हणाले, "तो छोटा हल्ली दिसत नाही." आणि ताईच गेली त्याच्या घरी. स्वतःच्या पायांनी गेली. "फादरांना वाईट वाटतंय रे, असं करतात का?" म्हणाली. त्याचा हात धरून घेऊन आली. झग्याची बटणं लावून दिली. त्यानंतर तो आणखी एक वर्ष येत होता.

एका दुपारी चर्च रिकामं असताना ती वेदीवरची जुनी फुलं काढत होती. नवे फादर मेणबत्त्या बदलायला आले.

"फादर, एक विचारू?" ती म्हणाली. "माझ्या भावाने जो मिस्सा केला इतकी वर्षं, तो झाला का? त्याच्या हातची भाकर मी ख्रिस्तशरीर म्हणून घेतलीय. ते खरं होतं की नाही?"

नवे फादर सावकाश म्हणाले, "चर्चची शिकवण अशी आहे की धर्मगुरू कितीही पापी असला तरी संस्कार खराच असतो. देव त्या माणसावर अवलंबून राहत नाही."

"म्हणजे देव यायचा. त्याच हातांत."

"हो."

"मग देवाला तरी ते कसं सहन झालं?"

नव्या फादरांनी हातातली मेणबत्ती पायरीवर ठेवली.

"सैतान, साप, ते सगळं मी पोरांना शिकवलंय," ताई म्हणाली. "त्याला शिंगं असती तर बरं झालं असतं हो. मी ओळखलं असतं. हा माझ्या हातचं जेवायचा. तापात माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा. कुठून आलं त्याच्यात ते? मी दूध पाजलं त्यातून? आई नव्हती म्हणून? मी फार लाड केले म्हणून? सांगा ना, तुम्ही शिकलेले आहात. देव त्या वेळी कुठे होता?"

"ताई, या प्रश्नाची आम्हाला सेमिनरीत चार उत्तरं शिकवली होती," नवे फादर म्हणाले. "मला त्या पेपरात फार चांगले गुण पडले होते. तुमच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघत नाही."

ताईने कोमेजलेली फुलं कागदात बांधली. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही याचं तिला बरं वाटलं, आणि त्यांच्याकडे काही नाही याचं फार वाईट वाटलं.

"देव कुठे होता ते तुम्ही शोधा," ती म्हणाली. "मी कुठे होते ते मला माहीत आहे. मी खाली होते."

साक्षीच्या दिवशी तिने ठेवणीतली करडी साडी नेसली. धर्मप्रांताच्या कार्यालयात एका लांब टेबलामागे तिघं बसले होते. निवृत्त न्यायाधीश असलेल्या एक बाई, एक वकील आणि दुसऱ्या शहरातले एक धर्मगुरू. बाईंनी तिला पाणी दिलं. इतर तीन तक्रारीही आल्या आहेत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. म्हणजे आकडा कळला. ताईने पेला खाली ठेवला.

तिने सगळं सांगितलं. वरची खोली पुस्तकांची होती. तिची किल्ली फादरांच्या खिशात असायची. आपली खोली खाली होती. तबकडी, शनिवार, चड्डी, जॅम. हसलेल्या दोघी. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, आपणच त्याला परत आणलं तेही. टंकलेखन करणारा मुलगा मध्येच थांबला. बाईंनी त्याला खुणेने चालू ठेवायला सांगितलं.

वकिलाने विचारलं, "इतकी वर्षं एका घरात राहून तुम्हाला कधीच संशय आला नाही?"

ताईने उत्तर पाठ करून आणलं होतं. आला नाही, साहेब. पण ते तोंडाशी आल्यावर तिला ते अपुरं वाटलं.

"आला नाही म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल," ती म्हणाली. "आला असता तर पुढे काय करावं लागलं असतं, ते मला माहीत होतं. म्हणून मी तो येऊच दिला नाही. जिन्यापर्यंत जायची, दोन पायऱ्या चढायची आणि गॅसवर काहीतरी आहे असं म्हणून परत फिरायची. गॅसवर दर वेळी काही नसायचं."

ती बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर एक रुंद खांद्यांचा, केस पिकलेला माणूस बसला होता. शेजारी त्याची बायको. त्याच्या गुडघ्यांवर पँट झिजून पांढरी पडली होती, फरशीवर बसून काम करणाऱ्यांची पडते तशी. ताईने त्याला डोळ्यांवरून ओळखलं. तो उठला आणि त्याने तिला बाकावर बसायला जागा करून दिली. ते तिला सगळ्यांत जास्त लागलं.

"दार उघडंच होतं," तो म्हणाला. "ऐकलं मी. मला वाटलं होतं तुम्ही खोटं बोलाल. मी त्याचीच तयारी करून आलो होतो. आता काय करायचं तेच कळत नाहीये."

"बटण, बाळा, मला—" ती हात जोडायला लागली.

"नको," तो घाईने म्हणाला. "ताई, आज नको. तुम्ही माफी मागाल, मग मला काहीतरी म्हणावं लागेल. ते काम पण माझ्याच गळ्यात नको."

तिने हात खाली घेतले. त्याची बायको तिच्याकडे बघत होती, रागाने नाही आणि दयेनेही नाही. मग त्याला आत बोलावलं.

निकाल चार महिन्यांनी आला. तक्रारी खऱ्या ठरल्या. धर्मगुरू म्हणून फादरचे सगळे अधिकार काढून घेतले गेले, आणि बिशपांचं पत्र रविवारी प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवलं. नवे फादर ते वाचताना दोनदा अडखळले. मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "एवढा देवमाणूस, आणि सख्ख्या बहिणीने घात केला." कुणीतरी त्याला गप्प केलं, पण कुणीच 'तिने बरोबर केलं' म्हणालं नाही.

तिथून ताईचं ताईपण संपलं. दहा जणी थांबून बोलायच्या, तिथे दोघी थांबायला लागल्या. वाचनालयातल्या बाईने रस्ता ओलांडून तिचा हात धरला आणि एक शब्द न बोलता निघून गेली, कारण तिचाही भाऊ त्या काळी वेदीसेवक होता. फुलांच्या कामासाठी आता दुसरी कुणीतरी आहे, असं तिला कळवण्यात आलं. दाराखालून एक चिठ्ठी आली, 'रक्ताला जागली नाही.' अक्षर ओळखीचं होतं. ताईने चिठ्ठी फाडली, पण मनातल्या मनात तिने लिहिणारीला उत्तर दिलं. जागायचं होतं तर पस्तीस वर्षांपूर्वी जागायला हवं होतं, आणि कुणाच्या रक्ताला, तेही कळायला हवं होतं.

गुरुवार मात्र तिने सोडला नाही. आश्रमातून फादरला एका साध्या वृद्धाश्रमात हलवलं होतं. ती रुमाल न्यायची, त्याची नखं कापायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि तिच्याशी अवाक्षर बोलायचा नाही. अर्धा तास बसून ती निघायची. नव्या फादरांनी एकदा विचारलं, "त्रास होत नाही का?" ती म्हणाली, "होतो. पण त्याची नखं दुसरं कोण कापणार?" त्याच्यावर आपलं प्रेम आहे का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं होतं. आहे, असं उत्तर आलं, आणि त्या उत्तराची तिला शिसारी आली. तरीही उत्तर 'आहे' हेच होतं.

मिस्सामध्ये ती आता शेवटच्या बाकावर बसायची. प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना वाइटापासून सुटका मागायची ओळ आली की तिची जीभ अडायची. इतरांचं म्हणून होईपर्यंत ती थांबायची आणि 'आमेन' मात्र सगळ्यांबरोबर म्हणायची.

उन्हं कलताना एका दिवशी दार वाजलं. बाहेर शिवणवाली उभी होती. दोन जिने चढून तिला धाप लागली होती. चर्चमध्ये ती इतके महिने ताईच्या समोरून मान फिरवून जायची, आणि ताईला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

"आत येऊ का?"

"ये गं."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"तुमच्यावर रागावून आले असं वाटलं असेल तुम्हाला."

"रागावलीस तरी बरोबरच आहे."

"माझ्या पोराने मला सांगितलं होतं, ताई," शिवणवाली म्हणाली. "चौदा वर्षांचा होता तेव्हा. मी त्याच्या थोबाडीत मारली. अशा पवित्र माणसाबद्दल असं बोलतोस म्हणून. मग तो तीस वर्षांचा झाल्यावर पुन्हा बोलला. बायकोला घेऊन आला होता. मी म्हटलं, तुझे कुणीतरी कान भरलेत. तेव्हापासून तो माझ्या घरी आला नाही."

ताई पाणी भरायला उठली.

"मग तुमच्या साक्षीचं ऐकलं. तुम्ही म्हणालात ना, की खरं आहे. आणि मला त्या क्षणी पटलं. एका क्षणात." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. "पोटच्या पोराने दोनदा सांगितलं ते खरं वाटलं नाही, आणि फादरांच्या बहिणीने सांगितलं ते वाटलं. मी कसली आई?"

ताईने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. धीर द्यायचे जे शब्द तिला येत होते, ते सगळे वापरून गुळगुळीत झालेले होते. त्यातला एकही तिने उचलला नाही.

"मला सगळं सांगा," शिवणवाली म्हणाली. "तो मला आता सांगणार नाही. मी तो हक्क घालवला. तुम्ही सांगा. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं."

ताईने सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. दोघी हसल्याची गोष्ट आली तेव्हा शिवणवालीने डोळे मिटले. "मी कान पिळला होता," ती पुटपुटली. "तो उजवा होता की डावा, तेसुद्धा आठवतंय मला." ताई थांबली. "थांबू नका," ती म्हणाली.

सगळं सांगून होईपर्यंत खोलीत अंधारायला आलं. ताईने दिवा लावला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. शिवणवाली उठली.

"रविवारी जाते त्याच्याकडे. घेईल का घरात?"

"माहीत नाही गं."

"नाही घेतलं तर?"

"तर पुढच्या रविवारी जा."

रविवारी रात्री ताईचा फोन वाजला. शिवणवाली होती. सुनेने दार उघडलं होतं. तो बाहेरून आला, चपला काढता काढता त्याने आईला पाहिलं, आणि आत जाऊन बसला. सुनेने जेवायला वाढलं तेव्हा तिघं एका टेबलाला बसली.

"बोलला काही?" ताईने विचारलं.

"नाही. एक शब्द नाही." शिवणवालीचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. "मी म्हटलं, तू सांगत होतास ते खरं होतं. त्याने ऐकलं. बोलला नाही. पण उठून गेला नाही, ताई. पान संपेपर्यंत बसला होता."

"बरं," ताई म्हणाली.

बराच वेळ दोघी तशाच फोन कानाला लावून बसून राहिल्या.